सातची सुई

मास्तरांच्या टॅटूच्या दुकानात एक नियम होता. तो भिंतीवर लिहिलेला नव्हता, कारण लिहिलेल्या नियमांचा मास्तरांना भारी तिटकारा. नियम असा की सुई शिकणाऱ्याने स्वतः निवडायची, मास्तर सांगणार नाहीत. समोरचं माणूस कोण, कातडी कशी, चित्र काय, हे बघून ड्रॉवरमधून पाकीट काढायचं आणि न फोडता मास्तरांपुढे धरायचं. मग मास्तर डोक्यावरचा चष्मा नाकावर आणणार आणि एकच शब्द विचारणार, "का?" उत्तर देता आलं तर मशीन हातात. नाही आलं तर झाडू.

बटणच्या हातात आजवर झाडूच जास्त आला होता.

बटण हे काही तिचं खरं नाव नव्हे. आई गेल्यावर ती मावशीच्या लाँड्रीत, इस्त्रीच्या टेबलाखाली खेळत वाढली, आणि एकदा कुणा वकिलाच्या कोटाचं बटण तिने गिळलं. बटण यथावकाश परत मिळालं. मावशीने ते उकळलं, पुसलं, कोटाला शिवून दिलं, आणि वकीलसाहेबांना त्यातलं अवाक्षर आजतागायत कळलेलं नाही. नाव मात्र पोरीला चिकटलं ते चिकटलंच. आता ती चांगली बाईमाणूस झाली, तरी दुकानात मास्तरसुद्धा "बटण, हातमोजे आण" असंच म्हणत.

टॅटूची सुई म्हणजे शिवणाच्या डब्यातली एकटी सुई नव्हे. बारीक सुयांची ती जुडी असते, प्लॅस्टिकच्या छोट्या नळीत बसवलेली. तीन सुयांची जुडी म्हणजे तीनची, मग पाचची, सातची, नऊची, अशी बिरादरी वाढत जाते. रेघ मारायला गोल जुडी, रंग भरायला चपटी. हे सगळं बटणला तोंडपाठ होतं. रबराच्या खोट्या कातडीवर तिने पानं, फुलं, बोटी, अँकर, काय वाटेल ते काढलं होतं. संत्र्यांच्या सालींवर काढलं होतं, आणि ती संत्री नंतर कुणी खाल्ली हे विचारू नये. शेवटी मास्तरांच्या पोटरीवरही तिने एक मासा काढला. मास्तर तेवढा वेळ पेपर वाचत बसले होते. त्यांची कातडी जुन्या पट्ट्यासारखी, दुखलं की नाही ते त्या माशालाच ठाऊक.

स्वतःच्या अंगावर मात्र बटणने एक टिंबही काढलेलं नव्हतं. भीती वाटायची. मास्तरांना हे माहीत होतं, पण ते काही बोलले नव्हते. मास्तरांच्या न बोलण्यात नेहमी काहीतरी शिजत असायचं.

आता मावशीबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट तिचीच आहे.

मावशी आणि बटणची आई, दोघी बहिणींनी मिळून लाँड्री काढली. लोकांचे कपडे आणि घरचे कपडे एकाच कढईत उकळायचे, तेव्हा घरच्या कपड्यांना ओळखायची खूण म्हणून कॉलरच्या आत लाल दोऱ्याने एक गोल आणि त्या गोलात दोन टिंबं घालायची असं ठरलं. गोल म्हणजे घर. टिंबं म्हणजे त्या दोघी. बहीण गेली तेव्हा लहानग्या बटणने विचारलं होतं, "आता एकच टिंब घालायचं?" मावशी म्हणाली, "एक गेलं, एक आलं. मोज बरं किती झाली?" बटणने बोटं मोजली होती, दोनच भरली होती. त्या दिवसापासून बटणचा एकही कपडा त्या खुणेवाचून राहिला नाही. मैत्रिणींमध्ये मिरवायला आणलेला टी-शर्टसुद्धा दुसऱ्या दिवशी खूण घेऊनच अंगावर यायचा, आणि बटण मावशीवर फुरंगटून बसायची.

गिऱ्हाइकांच्या कपड्यांना मात्र मावशीने कधी खूण घातली नाही. तिला गरजच नव्हती. शर्ट हातात घेतला की मानेच्या मळावरून ती माणूस सांगायची. हे वकील, हे बेकरीवाले, ही बँकेतली उंच बाई. सगळं गाव तिच्या डोक्यात घडी घालून ठेवलेलं होतं.

मग घड्या विस्कटायला लागल्या. दातांच्या डॉक्टरांची पँट बेकरीवाल्याकडे गेली. बेकरीवाला भला माणूस, हसून परत घेऊन आला. पुढे असं वरचेवर व्हायला लागलं. एके दिवशी मावशी फळीवरच्या घरच्याच कपड्यांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "हे कुणाचं गं?" मावशीने स्वतःच कॉलर उलटली, लाल गोल बघितला आणि हसली. "अगंबाई, आपलंच की!"

डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं. औषधं दिली, पण त्यांच्या चेहऱ्यावर औषधांचा भरवसा नव्हता. लाँड्री बंद झाली. घराच्या खालच्या खोलीत इस्त्र्या गार होऊन ओळीने बसल्या.

आणि एका सकाळी चहा पिता पिता मावशीने मनगट पुढे केलं. "इथे आपली खूण काढून दे."

"मावशी, तू काय चादर आहेस?"

"चादर बरी. घडी घातली की जागेवर राहते. माझं तसं नाही राहिलं." मावशीने कप खाली ठेवला. "हे बघ, कपड्याला काही आठवत नाही. पण खूण असली की तो घरी येतो. मलाही घरी यायचंय."

बटणने ते मनगट हलकेच मागे सारलं. "मास्तर काढतील. त्यांचा हात..."

"मास्तरांचा हात मास्तरांपाशी. घरची खूण घरच्या हाताने घालायची. आणि लवकर कर. मी मागितलंय हे मला आठवतंय तोवर कर."

मास्तरांनी मावशीला दुकानात बोलावून घेतलं. समोर बसवून सगळं विचारलं. डॉक्टरांना विचारलंत का? रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का? खूण कसली, कुठे, कशासाठी? मावशीने ठणठणीत उत्तरं दिली, वर मास्तरांच्या शर्टाच्या कॉलरला नीळ जास्त झाल्याचं सांगितलं. मास्तरांनी मान डोलावली. दोन दिवसांनी दुपारची वेळ ठरली.

"गोल आहे, बटण," मावशी गेल्यावर ते म्हणाले. "गोल दिसायला सोपा असतो. नवशिक्याचं घोडं तिथेच अडतं. निघालीस तिथेच परत यावं लागतं. आणि कातडी बघितलीस?"

"कांद्याच्या पापुद्र्यासारखी आहे."

"मग सुई निवड."

बटण ड्रॉवरपुढे उभी राहिली. इतरांच्या बाबतीत तिला निदान कातडी तरी दिसायची, पण आज डोळ्यांपुढे कातडी नव्हती, मावशी होती. तिचं ते मनगट, वाफेने आणि गरम पाण्याने पांढुरकं पडलेलं, वर इस्त्रीच्या जुन्या चटक्यांचे डाग, आत निळ्या शिरा. सातची जुडी उजेडात धरली तर बटणला ती खिळ्यासारखी दिसायला लागली. पाचची जाड वाटली. शेवटी तिने तीनची उचलली, सगळ्यांत बारीक. जितकी बारीक तितकी मायेची, असा तिचा हिशोब. माया हिशोबाला बसली की असेच हिशोब करते, आणि कुणालाही वाटेल की ते बरोबरच आहेत.

ठरल्या दुपारी मावशी ठेवणीतला निळा ब्लाउज घालून आली. खुर्चीच्या हातावर मऊ उशी ठेवून बटणने तिचं मनगट वर घेतलं, साबणाच्या पाण्याने पुसलं, स्टेन्सिलचा कागद दाबून खूण उमटवली. जांभळा गोल आणि दोन टिंबं. मावशीने मान वाकडी करून बघितलं. "सरळ आहे. तुझ्या शिवणापेक्षा सरळ."

बटण पाकीट मास्तरांपुढे धरणार, तेवढ्यात दारात पार्सलवाला आला. शाईच्या बाटल्यांऐवजी कुणाच्या तरी चपलांचा खोका घेऊन आला होता आणि तो परत न्यायला तयार नव्हता. मास्तर बाहेर गेले. आवाज चढले. हा वाद काही लवकर मिटणारा नव्हता.

"कर गं सुरू," मावशी म्हणाली. "ते काय, दिवसभर भांडतील."

बटणने दाराकडे बघितलं, मग मावशीकडे. मावशीच्या डोळ्यांत तेव्हा सगळं होतं, ती स्वतः, बटण, ही दुपार, खूण. पुन्हा असेल नसेल कुणास ठाऊक. बटणने पाकीट फोडलं.

मशीनचा बारीक गुणगुणाट सुरू झाला. तिने सुई टेकवली आणि गोलाच्या कडेने हात फिरवला. पुसून बघते तर रेघ अशी नाहीच, केसासारखी फिकट करडी छटा तेवढी उमटलेली. तिने पुन्हा फिरवली. पुन्हा फिकटच, आणि हलत्या कातडीवर ती वाकडी झाली. वाकडी सरळ करायला तिने तिसऱ्यांदा सुई नेली. आता तिथे कातडी लाल झाली आणि रक्ताचा एक थेंब वर आला. गोलाचा पाव भागही झाला नव्हता.

"दुखतंय, मावशी?"

"छे! मुंगी चालल्यासारखं वाटतंय."

मावशीचा चेहरा हसरा होता. पण खुर्चीखाली तिच्या पायांची बोटं चपलेत आवळून आत गेली होती. बटणने ती बघितली आणि मशीन बंद केली.

मास्तर आत आले ते चपलांचा खोका काखेत घेऊनच, म्हणजे वाद ते हरले होते. त्यांनी मनगट बघितलं, ट्रेमधलं फाटकं पाकीट बघितलं. चष्मा खाली आला. ओरडले असते तर बटणला बरं वाटलं असतं.

"का?" त्यांनी हळू विचारलं.

"तिला दुखू नये म्हणून."

मास्तर मावशीकडे वळले. "खरं सांगा, दुखलं?"

मावशीने बटणकडे चोरून बघितलं. "आता तुम्ही विचारताच म्हणून सांगते. इस्त्री परवडली. ती एकदाच चटका देते आणि मोकळी होते. ही बया टोचतच बसते."

बटणच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मास्तरांनी ओला कापूस मावशीच्या मनगटावर ठेवला आणि वरून स्वच्छ पट्टी लावली. मग म्हणाले, "ती सुई वापरलेल्या सुयांच्या पिवळ्या डब्यात टाक. हात धू. नव्या सुया काढ, एक तीनची, एक सातची. आणि डावी बाही वर कर."

"माझी?"

"दुसऱ्या कुणाची? आजवर मी थांबलो, म्हटलं पोरगी स्वतःहून करेल. दुसऱ्याच्या दुखण्याचा अंदाज तू ड्रॉवरपुढे उभी राहून करतेस होय?"

बटणने स्वतःच्या मनगटावर आधी तीनची सुई लावली. मशीन टेकताच तिच्या तोंडून हाय निघालं. सुईचं टोक पात्यासारखं कातडी चिरत होतं, आणि रेघ उमटायला तेच तेच पुन्हा चिरावं लागत होतं. चौथ्या फेरीला तिने दात आवळले. गोल वाकडातिकडा बंद झाला, टिंबं फिसकटली. मग त्याच्या खाली तिने सातची लावली, हात आखडता घेऊन, अगदी वरच्यावर. सात टोकांनी भार वाटून घेतला. दणका बसला, पण तो सपाट होता, आणि जिथून सुई गेली तिथे काळी रेघ मागे राहिली. दुसरी फेरी लागलीच नाही.

तिला एकदम कळलं, आणि कळल्यावर इतकी लाज वाटली की कान तापले. बारीक सुई तिने मावशीसाठी घेतलीच नव्हती. स्वतःच्या भीतीसाठी घेतली होती.

"कळलं का?" मास्तरांनी विचारलं.

"कळलं."

ती आणखी एक नवी सातची सुई घेऊन मावशीकडे वळली, आणि मावशी तिच्याकडे बघत होती ते गिऱ्हाइकाकडे बघावं तसं, सौजन्याने. "काय चाललंय इथे?" तिने विचारलं. "मी कपडे द्यायला आलेय की न्यायला?"

बटणने मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी सावकाश हातमोजे काढले.

"मास्तर, परवा तिनेच सांगितलंय. तुमच्यासमोर सांगितलंय."

"परवाच्या मावशींनी सांगितलंय. ज्यांच्या हाताला सुई लावायची त्या आत्ता इथे बसल्यात." त्यांचा आवाज मऊ होता, पण त्यात वाद घालायला जागा नव्हती. "त्यांनी मागितल्याशिवाय नाही, बटण. आणि तू आठवण करून द्यायची नाहीस. ते मागणं तुझं होईल."

बटण स्टुलावर बसून राहिली. हातातली सात सुयांची नळी तिने ट्रेमध्ये ठेवली. आपण ती दुपार उधळली, नुसती एक चुकीची सुई घेऊन उधळली, हे तिच्या मनातून जाईना. मावशी खुर्चीत बसून दुकान बघत होती, भिंतीवरची चित्रं, दिवे, चपलांचा तो खोका. मग तिला हातावरची पट्टी टोचली असावी. तिने पट्टीचं टोक उचललं, कापूस बाजूला सारला आणि मनगट उजेडात धरलं. जांभळ्या गोलाच्या कडेला ती फिकट, खरवडलेली रेघ होती. मावशी त्या रेघेकडे बघत राहिली. मग तिने निळ्या ब्लाउजचा गळा बोटांनी उलटून आतला लाल गोल बघितला, आणि पुन्हा मनगट.

"अर्धीच का सोडली?" ती म्हणाली.

बटण स्टुलावरून अर्धवट उठली.

"मावशी," मास्तरांनी विचारलं, "काय काढायचं आहे?"

"हे काय विचारणं झालं? आमच्या घरची खूण." तिने मनगट उशीवर ठेवलं आणि हनुवटीने बटणकडे दाखवलं. "आणि हिनेच काढायची. तुम्ही मध्ये पडू नका, मास्तर, आधीच तुमच्या कॉलरला नीळ जास्त झालीय."

मास्तरांनी हात पुसले, नवे मोजे चढवले आणि बटणच्या मागे जाऊन उभे राहिले.

बटणने सातची सुई बसवली. मशीनचा वेग उतरवला. तीन बोटांनी मनगटाची कातडी अलगद, पण पक्की ताणून धरली, मावशी ओल्या चादरीची सुरकुती काढते तशी. श्वास आत घेतला आणि सुई टेकवली, फार खोल नाही, वरच्यावर. हात फिरला. मागे रेघ उमटत गेली, काळी, एकसारखी. आधीच्या खरवडलेल्या जागेवर आली तेव्हा ती जरा थबकली, पण मोठ्या रेघेने धाकटीची चूक आपसूक पोटात घातली. गोल निघाला तिथेच परत आला आणि मिटला.

"हे तुझ्या आईचं, आता तुझं," पहिलं टिंब पडलं तेव्हा मावशी म्हणाली. दुसरं पडलं तेव्हा तिने मोकळा हात बटणच्या केसांवरून फिरवला. आणि बटणने चोरून खाली बघितलं, तेव्हा पायांची बोटं चपलेत सैल पडलेली होती.

जखम भरली. खपली गेली आणि खाली खूण अशी स्वच्छ उमटली की मास्तरांनी चष्मा काढून, पुसून, परत घालून बघितली. त्यानंतर झाडू ते स्वतः मारायला लागले.

मावशीच्या घड्या पुढेही विस्कटत राहिल्या. दोरा ओवणं सुटलं, मग दोऱ्याचा डबा कुठे आहे हे सुटलं. बटणच्या कपड्यांना कुणी खूण घालेना. तिला स्वतःला घालता आली असती, पण रोज उद्यावर जायचं. खरं म्हणजे तिला ते करायचं नव्हतं. मावशीचं काम आपण उचललं की ते मावशीचं राहणार नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

एका संध्याकाळी ती दुकानातून आली, अंगात मास्तरांनी दिलेला नवा काळा शर्ट. शेजारीणबाई मावशीजवळ बसायच्या, त्या आत भाजी निवडत होत्या. दार मावशीनेच उघडलं आणि उघडून तशीच उभी राहिली.

"कोण पाहिजे?"

असं आधी कधी झालं नव्हतं. नावं जायची, दिवस जायचे, पण बटण कधी गेली नव्हती.

"मी आहे, मावशी."

मावशीने तिच्याकडे नीट बघितलं. मग सवयीने हात पुढे केला आणि तिची कॉलर उलटली. आत कंपनीची चिठ्ठी होती, लाल दोरा नव्हता. "नाही," ती अदबीने म्हणाली. "हे आमच्याकडचं नाही. चुकून आलंय."

बटणने डावी बाही वर केली.

मनगटावर दोन खुणा होत्या, एकाखाली एक. वरची तीनच्या सुईची, तुटक, फिकट, जागोजागी पुसलेली. खालची काळीभोर. मावशीने तिचा हात दिव्याखाली ओढून घेतला. शेजारी स्वतःचं मनगट ठेवलं. वरच्या खुणेवर अंगठा घासून बघितला आणि नाक मुरडलं.

"ही कुणी घातली? कच्चं काम आहे. दोन धुण्यांत जाईल."

"मी घातली," बटण म्हणाली. तिला रडूही येत होतं आणि हसूही.

अंगठा खाली सरकला. गोलावरून फिरला, एका टिंबावर थांबला, मग दुसऱ्यावर. "ही मात्र पक्की आहे," मावशी म्हणाली. तिने दार पूर्ण उघडलं आणि बटणचा हात न सोडता तिला आत ओढलं.

"ये गं, ये आत. घरचं माणूस दारात काय उभं राहतं?"